एक करडा दात, बाकीचे पिवळे: नाशिकमधलं एक प्रकरण

रुग्ण ३१ वर्षांचा, गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये कामाला. पाहुण्यांना वाइन ओतून द्यायची, तिच्याबद्दल चार शब्द सांगायचे, सोबत फोटोत उभं राहायचं, असं काम. दिवाळी आटोपल्यावर आला तो मोबाइलवर एक ऑफर उघडूनच: एकच बैठक, एक तास, दात ‘आठ शेड पांढरे’, शेजारी निळ्या दिव्याचा फोटो. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘‘मॅडम, हेच तुमच्याकडे किती होईल?’’ नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीत जोर धरते, पर्यटकांची झुंबड तेव्हाच असते, आणि त्याला त्याच्या आत दात पांढरे हवे होते.

हे प्रकरण सविस्तर मांडतेय, कारण या एकाच तोंडात रंगाची चार वेगवेगळी कारणं सापडली आणि त्या ऑफरमधल्या उपचाराने त्यातलं जेमतेम एक सुटलं असतं. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी काय काय चालू होतं

कामावर दिवसभर वाइन चाखणं आलंच. घोट तोंडात खेळवायचा, चव घ्यायची, थुंकायचा. थुंकल्यामुळे नशा होत नाही, पण दातांच्या हिशेबात त्याने काहीच वाचत नाही. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४ (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं ते ५.५च्या आसपास. शिवाय लोकांना वाटतं तसं फक्त रेड वाइनच दातांची वैरी नाही. रेड रंग चढवते, ते आरशात दिसतं. व्हाइट बहुतेक वेळा जास्त आंबट असते, ती मुकाट्याने दात मऊ करते आणि मऊ झालेल्या दातावर नंतरच्या चहाचा रंग पक्का बसतो. याचा चहा दिवसातून पाच-सहा कप.

दातांवर जांभळट झाक नको म्हणून शिफ्ट संपली की तो लगेच ब्रश करायचा. ब्रश कडक दातांचा, कारण ‘त्याशिवाय साफ झाल्यासारखं वाटत नाही’. वर्षभर ऑनलाइन मागवलेली कोळशाची पावडर. सुट्टीच्या दिवशी व्हिडिओत बघून लिंबू आणि खाण्याचा सोडा.

त्याने सहज सांगितलेलं एक वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं: ‘‘कोळशाने सुरुवातीला मस्त फरक पडला होता, मग परत पिवळे झाले, म्हणून मी जास्त घासायला लागलो.’’ कोळशाची सगळी कथा या वाक्यात आहे. पहिल्या काही आठवड्यांत वरचा चहाचा, वाइनचा थर घासून निघतो, दात उजळ दिसतात. पुढे घासायला थर उरत नाही, मग एनॅमल झिजतं. एनॅमल बऱ्यापैकी पारदर्शक असतं. दाताचा पिवळेपणा मुळात आतल्या डेंटिनचा. वरचं आवरण पातळ झालं की आतला पिवळा जास्त डोकावतो. आम्लाने मऊ झालेल्या दातावर लगेच कडक ब्रश आणि खरखरीत पावडर म्हणजे झीज दुप्पट वेगाने. थोडक्यात, हा माणूस वर्षभर दात पांढरे करता करता ते पिवळे करत होता.

थंड लागतं का, हे मी विचारेपर्यंत त्याने सांगितलं नव्हतं. सकाळी नळाच्या गार पाण्याने चूळ भरली की सणक जायची. नाशिकची थंडी आहे, सगळ्यांनाच होत असेल, असा त्याचा समज.

तपासणीत काय दिसलं

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण आणि त्यावर तपकिरी थर. अणकुचीदार प्रोबने खरवडला तर त्याचा पापुद्रा सुटून आला. जो रंग खरवडून निघतो तो दाताच्या वरचा. त्याला ब्लीच, म्हणजे रसायनाने रंग उडवणं, लागत नाही; स्केलिंग (कीटण खरवडून काढणं) आणि पॉलिश पुरतं. हे पहिलं कारण.

दुसरं कारण झीज. वरच्या पुढच्या दातांची टाळ्याकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती, कडा पातळ होऊन जवळजवळ आरपार दिसत होत्या. सुळ्यांच्या आणि त्यामागच्या दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, नखात अडकतील अशा खाचा. त्या खाचांवर नुसती हवा मारली तर तो खुर्चीत ताडकन मागे सरकला. तिथे डेंटिन उघडं पडलं होतं.

तिसरं एक जुनं फिलिंग. वरच्या उजव्या बाजूच्या दुसऱ्या दाताच्या कोपऱ्यावर दाताच्या रंगाचं काँपोझिट बसवलेलं होतं, काही वर्षांपूर्वीचं, तेव्हाच्या रंगाला जुळवलेलं. ब्लीचने दात उजळतो. फिलिंग, कॅप, व्हिनिअर यांचा रंग बदलत नाही. म्हणजे बाकी दात पांढरे झाले की हा कोपरा पिवळा ठिपका होऊन उठून दिसणार.

आणि चौथं, ज्याने सगळा बेत बदलला. वरचा डावा मधला दात. बाकीचे दात पिवळ्या अंगाचे होते, हा करडा. फरक लांबून कळत नव्हता, कारण सगळेच दात मळकट होते. कापसाचा बोळा गार करून एकेका दाताला लावला. बाकीच्या दातांना दोन सेकंदांत लागायचं, हात वर व्हायचा. या दाताला बोळा धरून ठेवला. ‘‘काही नाही लागत, मॅडम.’’ तेव्हा त्याला आठवलं की आठवीत असताना सायकलवरून पडला होता, दात हलला होता, पण पडला नाही म्हणून घरच्यांनी फार मनावर घेतलं नाही. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी गोल काळसर सावली दिसली. आतली नस केव्हाच मेली होती आणि टोकाशी जंतुसंसर्ग घर करून होता. दुखणं शून्य.

मार बसल्यावर दाताच्या आत रक्तस्राव होतो, ते रक्त डेंटिनच्या बारीक नळ्यांत शिरतं आणि त्याचं विघटन होताना उरलेले लोहाचे घटक दात आतून काळवंडतात. हा रंग बाहेरून लावलेल्या जेलला सहजी दाद देत नाही. आणि मुळात हा प्रश्न रंगाचा नव्हताच, रूट कॅनॉलचा होता.

रंगाची नोंद व्हिटा कंपनीच्या १६ शेडच्या, म्हणजे दातांच्या रंगछटा जुळवायच्या, पट्टीवर केली, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, दात ओले ठेवून. दात वाळले की तात्पुरते पांढरे दिसतात, त्यामुळे तासभर तोंड उघडं ठेवून मग शेड मोजणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. बहुतेक दात ए ३.५, करडा दात सी ४च्या जवळ. एकाच अक्षरात आकडा जितका कमी, तितका दात उजळ. उजेड-अंधाराच्या क्रमाने लावलं तर सी ४ ही त्या पट्टीतली सर्वांत गडद शेड.

एका तासाची बैठक का नाही

दवाखान्यातल्या एका बैठकीच्या ब्लीचमध्ये साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरडीला संरक्षक थर लावून, ओठ बाजूला धरून केलं तर ते चुकीचं नाही, मीही करते. ज्याचं एनॅमल शाबूत आहे, दातांना लागत नाही आणि ज्याला घरी रात्री जेलचा ट्रे लावायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी ते ठीक. निळ्या दिव्याचं मात्र मला कौतुक नाही. दिव्यामुळे अंतिम रंगात टिकाऊ फरक पडतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. काम पेरॉक्साइड करतं, दिवा शोभा वाढवतो. बैठकीनंतर लगेच दिसणारा झगमगाट काही अंशी दात वाळल्याचा असतो, तो दोन-तीन दिवसांत उतरतो. ‘आठ शेड’ मोजतात ते नेमके त्याच क्षणी.

या रुग्णात अडचण वेगळी होती. पेरॉक्साइडचे रेणू इतके लहान असतात की काही मिनिटांत ते एनॅमल, डेंटिन ओलांडून नसेपर्यंत पोचतात. धडधाकट दातालाही त्यामुळे थोडंफार लागतं. इथे मानेशी डेंटिन उघडं, कडा पातळ. इतक्या तीव्रतेचं जेल लावलं असतं तर तो रात्रभर तळमळला असता. आणि एवढं करून करडा दात करडाच राहिला असता, उलट बाकीचे उजळल्यामुळे आणखी डोळ्यांत भरला असता.

हे त्याला तोंडी पटेना. मग त्याच्याच फोटोत मोबाइलवर बाकीचे दात उजळ केले, तो एक तसाच ठेवला आणि फोन त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, ‘‘हे तर आत्तापेक्षा वाईट दिसतंय.’’

व्हिनिअरचा विषय त्यानेच काढला. मित्राने केले होते म्हणे. दात कापून वर पातळ पापुद्रा चिकटवणं हा उलट न फिरवता येणारा मार्ग. वाइनमुळे आधीच झिजलेले दात आणखी कापायचे, आणि नस मेलेल्या दाताचा करडेपणा पातळ व्हिनिअरमधून झिरपून दिसतो तो दिसतोच. ३१व्या वर्षी मी ते सुचवलं नाही.

दातांवर चिकटवायच्या बाजारातल्या ब्लीचच्या पट्ट्या आणि घरगुती दिव्याचे किट यांच्यावर वेळ घालवला नाही. पट्टी सरळ, दात वळणदार, आणि मानेच्या खाचांवरच जेल साचणार. युरोपीय संघात २०१२पासून ०.१ टक्क्यावरचं पेरॉक्साइड ग्राहकाच्या हाती थेट देत नाहीत. ६ टक्क्यांपर्यंतचं डेंटिस्टमार्फतच, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली, आणि १८ वर्षांखालच्यांना नाही. आपल्याकडे मोबाइलवर दोन बोटांनी मागवता येणाऱ्या डबीवर बऱ्याचदा टक्केवारीच छापलेली नसते.

उरला ट्रे. तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर पातळ मऊ प्लास्टिकची शीट ओढून ट्रे बनवायचा, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावून झोपायचं. ही पद्धत हेवूड आणि हेमन यांनी १९८९मध्ये मांडली, तिच्याइतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कुठल्या पद्धतीचा क्वचितच असेल. १० टक्के कार्बामाइडमधून प्रत्यक्षात सुमारे ३.५ टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तेही तासन्‌तास, हळूहळू. शेवटचा रंग जवळपास तोच मिळतो, फक्त तासाऐवजी दोन-तीन आठवडे लागतात आणि दातांना लागण्याचं प्रमाण कमी राहतं. ट्रे खाचांपासून लांब कापता येतो, हा या रुग्णासाठी मोठा फायदा.

त्याचा एकच आक्षेप: हंगामाआधी पूर्ण होईल का? मी सांगितलं, नाही होणार. करडा दात होईल, बाकीचे अर्धवट असतील. तो दोन दिवस विचार करून परत आला.

आई

दुसऱ्या खेपेला आई सोबत होती, दिंडोरी तालुक्यातल्या गावाहून आलेली. मुलाचं चाललेलं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘याचे कुठं खराब हायेत? माझे बघा की मॅडम, पार काळे झाले. माझे नाय व्हायचे का पांढरे?’’ तिचे दात मिश्रीने काळे. खुर्चीत बसवून पाहिलं. सगळा थर वरचा, खालचं एनॅमल मुलापेक्षा चांगलं. तिला ब्लीचची गरजच नव्हती. दोन वेळा स्केलिंग आणि मिश्री बंद, एवढ्यात काम झालं असतं. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्ट यांवर देशात १९९२मध्येच बंदी आली, पण मिश्री चुलीवर तव्यात भाजून घरीच तयार होते, तिला बंदी कशी पोचणार. खालच्या ओठाच्या आत, ती जिथे बोटाने मिश्री धरते तिथे, खरबरीत पांढरट चट्टा होता. रंगाचा विषय तिथेच थांबवून चट्ट्याच्या तपासणीसाठी तिला वेगळं बोलावलं. तंबाखू लावणाऱ्याचे दात उजळण्याआधी तोंड आतून नीट बघायचं असतं, ते याचसाठी.

क्रम आणि त्यामागचा हिशेब

पहिले दोन आठवडे दात पांढरे करण्याचं काहीच केलं नाही. कोळसा, लिंबू, सोडा बंद. मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट. चाखणं झाल्यावर लगेच ब्रश नाही, तासभर थांबायचं, तोवर साध्या पाण्याने चुळा. पाहुण्यांपुढे ठेवलेल्या चीजचा एक तुकडा आपणही खायचा. चीजने तोंडातलं आम्ल लवकर शमतं आणि टेस्टिंग रूममध्ये त्याची वानवा नसते. ही सूचना त्याने सगळ्यांत आनंदाने पाळली. मानेच्या खाचा ग्लास आयोनोमरने, म्हणजे दातात भरायच्या एका सिमेंटने, तात्पुरत्या बुजवल्या. स्केलिंग झालं. स्केलिंगनंतर पुन्हा शेड घेतली तर बाकी दात ए ३वर आले होते. वरची घाण निघाल्यावरच खरा रंग कळतो, म्हणून ब्लीचचा निर्णय मी स्केलिंगआधी कधी पक्का करत नाही.

मग रूट कॅनॉल. ते पूर्ण होऊन दात शांत झाल्यावर आतून ब्लीच. इथे दोन मतं आहेत. काही जण आधी सगळे दात ट्रेने उजळतात आणि शेवटी काळा दात त्यांना जुळवतात. मी उलट केलं. बाहेरून उजळणारे दात कुठपर्यंत जातील याचा अंदाज असतो, करड्या दाताचा नसतो. तो किती वर येतो ते आधी बघायचं आणि बाकीचे तेवढ्यावर थांबवायचे. जो गडी कमी पळतो त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं.

आतून ब्लीच करताना मुळातलं रूट कॅनॉलचं भरण हिरडीच्या पातळीखाली सुमारे २ मिलीमीटर काढलं आणि त्यावर ग्लास आयोनोमरचा तेवढाच जाड अडसर बसवला. ही पायरी टाळली तर रसायन मुळाच्या मानेतून बाहेर झिरपतं आणि पुढे काही वर्षांनी तिथे मूळ बाहेरून खाल्लं जाऊ शकतं. मार बसलेल्या दातात हा धोका जास्त. जुन्या पद्धतीत ३० टक्के पेरॉक्साइड घालून तापवलेलं हत्यार टेकवायचे. तापवणं आणि तीव्र पेरॉक्साइड दोन्ही त्या धोक्याशी जोडले गेले, म्हणून दोन्ही टाळले. पाण्यात हळूहळू पेरॉक्साइड सोडणारी सोडियम परबोरेटची पावडर शुद्ध पाण्यात कालवून ओल्या वाळूसारखा लगदा केला, दाताच्या पोकळीत भरला, वर कापसाचा कण आणि तात्पुरतं सीलिंग. ही साधी पाण्यातली पद्धत १९६१पासून वापरात आहे. आठवड्याने उघडून बदलायचं. पहिल्या आठवड्यात फरक नावालाच दिसला आणि त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या खेपेनंतर करडेपणा फुटायला लागला. तिसऱ्यानंतर दात ए २च्या जवळ आला, फक्त मानेशी बारीक सावली राहिली. थोडा रंग पुढे उतरतो, म्हणून हवा त्यापेक्षा किंचित उजळ झाल्यावर थांबले.

ट्रे सुरू झाले ते डिसेंबरच्या अखेरीस, निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायच्या दिवसांत. जेल प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढं, हिरडीवर आलेलं बोटाने पुसून टाकायचं. चौथ्या-पाचव्या रात्री त्याचा फोन आला, दोन दातांना लागतंय. जेल एक दिवसाआड लावायला सांगितलं, मधल्या रात्री त्याच ट्रेत ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट अर्धा तास. आणि चूळ कोमट पाण्याने. पुढे तक्रार राहिली नाही.

चहा बंद करायला सांगितला नाही. ‘पांढराच आहार घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने अंतिम रंगात फार फरक पडल्याचं दिसत नाही आणि असले नियम दोन दिवसांत मोडतात. वाइन चाखणं तर त्याची नोकरीच. फक्त सकाळी ट्रे काढल्यावर लगेच चाखू नको, एवढं सांगितलं. टेस्टिंग रूम तशीही उशिराच उघडते.

कुठवर आलं

जानेवारीत गर्दी सुरू झाली तेव्हा करडा दात जुळला होता आणि बाकीचे वाटेवर होते. महिनाअखेर सगळे ए २, काही ए १कडे झुकलेले. पातळ कडा ब्लीचने पांढऱ्या होत नाहीत, त्या अजूनही करडट-आरपार दिसतात. हे त्याला आधीच सांगितलं होतं. ‘आठ शेड’ झाल्या नाहीत.

जुनं फिलिंग ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबून बदललं. दातात उरलेला ऑक्सिजन काँपोझिट नीट घट्ट होऊ देत नाही, रंगही तोवर स्थिरावतो. त्याच बैठकीत मानेच्या खाचा नव्या रंगाच्या काँपोझिटने कायमच्या भरल्या.

सगळ्याचा खर्च त्या ऑफरपेक्षा जास्त झाला, त्यात मोठा वाटा रूट कॅनॉलचा. नुसत्या ट्रेचा खर्च ऑफरपेक्षा कमी होता. ट्रे त्याच्याकडे डबीत आहेत. रंग उतरला असं वाटलं तर दोन-तीन रात्री पुरतात, मात्र आधी स्केलिंग करून घ्यायचं.

मानेशी राहिलेली सावली घालवण्यासाठी आणखी एक खेप करू का, असं विचारलं होतं. हसताना त्याचा ओठ तिथवर उचलला जात नाही, नको म्हणाला. मुळाच्या टोकाची काळी सावली सहा महिन्यांच्या एक्स-रेत लहान झालेली दिसली. मूळ बाहेरून खाल्लं जात नाही ना, हे पाहण्यासाठी त्या दाताचा एक्स-रे आता दर वर्षी काढायचा ठरलं आहे.